कडं कोणाचं? त्सिमशियन दागिने आणि 'प्रेरणा' हा शब्द

कलेवर बोलायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा मोठ्या वस्तूंकडे वळतो. देवळं, भित्तिचित्रं, पुतळे. आज आपल्यासमोरची वस्तू लहान आहे, मनगटावर बसेल एवढी. चांदीचं एक कडं. त्यावर कोरलेला प्राणी ओळखता येईल की नाही, ही पुढची गोष्ट. आधी प्रश्न असा, की हे कडं कोणाचं? घडवणाऱ्याचं, घालणाऱ्याचं, की विकत घेणाऱ्याचं? सरळ दिसणारा हा प्रश्न या कड्याच्या बाबतीत तितका सरळ राहत नाही, आणि आजचं सगळं बोलणं त्याभोवतीच फिरणार आहे.

जागा आधी समजून घेऊ. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागात स्कीना नावाची नदी पॅसिफिक महासागराला मिळते. या नदीचं खालचं खोरं आणि मुखाजवळची बेटं, हा त्सिमशियन लोकांचा मुलूख. त्यांच्या नावाचा अर्थच 'स्कीनेच्या आतले' असा होतो. प्रिन्स रूपर्ट हे आजचं बंदर याच मुलखात आहे. लॅक्स क्वालाम्स, मेटलाकाटला, किटकाटला, हार्टली बे ही त्यांची काही गावं. १८८७ साली त्यांच्यातला एक मोठा गट सीमा ओलांडून अलास्कातल्या अ‍ॅनेट बेटावर गेला आणि तिथेही मेटलाकाटला याच नावाचं गाव वसलं. म्हणजे आज एकच समाज दोन देशांत आहे. त्यांची भाषा स्मल्ग्याख. उत्तरेला निस्गा आणि ट्लिंगिट, नदीच्या वरच्या अंगाला गिटख्सान, समुद्रापलीकडे बेटांवर हैदा, हे त्यांचे शेजारी. या सगळ्यांमध्ये व्यापार झाला, लग्नं झाली, लढायाही झाल्या. दागिन्यांबद्दल बोलताना हे शेजारपण लक्षात ठेवावं लागतं, कारण कोरीवकामाची भाषा या सगळ्यांची बरीचशी सामायिक आहे.

आता मुद्द्यावर येऊ. या समाजातल्या दागिने घडवणाऱ्या कलावंताबद्दल कुठेही वाचा, दालनातल्या पाटीवर वाचा किंवा प्रदर्शनाच्या पत्रकात, एक वाक्य हमखास भेटतं. 'कुटुंब आणि त्सिमशियन वारसा यांपासून प्रेरणा घेऊन' अमुक कलावंत दागिने घडवतात. वाक्य सद्भावनेनं लिहिलेलं असतं. पण त्यातला 'प्रेरणा' हा शब्द जरा तपासायला हवा, असं आम्हाला वाटतं. प्रेरणा कशापासूनही घेता येते. पावसापासून, प्रेमभंगापासून, दुसऱ्याच्या चित्रापासून. ती घेताना कोणाला विचारावं लागत नाही आणि घेतल्यावर कोणाला काही परत द्यावं लागत नाही. त्सिमशियन दागिन्यात मात्र विचारावंही लागतं आणि द्यावंही लागतं.

हे समजायला त्यांची घराण्याची रचना पाहू. त्सिमशियन समाजात चार कुळं आहेत: डोमकावळा, ओर्का म्हणजे काळा-पांढरा देवमासा, लांडगा आणि गरुड. कूळ आईकडून येतं. वडील गरुड कुळाचे आणि आई लांडगा कुळाची असेल, तर मूल लांडगा. कुळाच्या आत घराणी आहेत, त्यांना 'वाप' म्हणजे घर असाच शब्द आहे. प्रत्येक घराण्याकडे आपला इतिहास असतो, त्याला 'अदावख' म्हणतात. आपले पूर्वज कुठून आले, कुठल्या नदीकाठी कोणता प्राणी किंवा कोणती शक्ती त्यांना भेटली, त्यातून कोणती जमीन, कोणतं नाव आणि कोणतं चिन्ह मिळालं, हे सगळं अदावखमध्ये सांगितलेलं असतं. नाव, जमीन आणि चिन्ह या तिन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवलेल्या आहेत. म्हणून खांबावर, पेटीवर, अंगरख्यावर किंवा कड्यावर जेव्हा एखादं कुलचिन्ह येतं, तेव्हा ते 'आम्हाला गरुड आवडतो' असं म्हणत नसतं. ते म्हणत असतं, 'ही गोष्ट आमची आहे, आणि ती सांगायचा अधिकार आमच्याकडे आहे.'

अधिकार नुसता सांगून भागत नाही, तो कोणीतरी मान्य करावा लागतो. त्यासाठी मेजवानी असते, जिला बाहेरच्या जगात पॉटलॅच म्हणून ओळखतात. पाहुण्यांना बोलवायचं, त्यांच्यासमोर नाव धारण करायचं, चिन्ह दाखवायचं, घराण्याची गोष्ट सांगायची, आणि साक्षीला बसलेल्यांना भेटी द्यायच्या. भेट स्वीकारणारा पाहुणा म्हणजे साक्षीदार. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हा लेखी नसलेला दस्तऐवज आहे, आणि दिलेल्या भेटी ही त्यावरची मोहोर.

यात आणखी एक गाठ आहे आणि ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. उत्तर किनाऱ्यावरच्या जुन्या रीतीत घराण्यासाठी महत्त्वाची वस्तू कोरायचं काम बऱ्याचदा त्या घराण्याबाहेरच्या, दुसऱ्या कुळातल्या कारागिराकडे जात असे, आणि त्याचा मोबदला चारचौघांसमोर दिला जाई. याचा अर्थ नीट पाहा. चिन्ह एका घराण्याचं, हात दुसऱ्याचा. घालणारी एक आणि घडवणारा दुसरा, दोघांत नातं आणि दोघांत हिशोब. म्हणजे 'कुटुंबापासून प्रेरणा' या वाक्यात जे एक उबदार, एकसंध कुटुंब आपल्या डोळ्यांसमोर येतं, ते इथे पुरेसं नाही. या दागिन्यात निदान दोन कुटुंबं असतात.

आता हे चिन्ह चांदीवर आलं कसं? कारण चांदीचं कोरीव कडं ही काही अनादी काळापासूनची वस्तू नाही. या किनाऱ्यावर तांबं होतं, शंख-शिंपले होते, हाड होतं, शिंग होतं. उच्च घराण्यातल्या स्त्रिया खालच्या ओठात लाकडी किंवा हाडाचं भूषण घालत. चेहरे रंगवले जात. हैदांमध्ये तर हातांवर, छातीवर कुलचिन्हांचं गोंदण असे. खुणा अंगावरच होत्या.

१८५७ साली विल्यम डंकन नावाचा तरुण इंग्रज मिशनरी पोर्ट सिम्प्सनला आला, म्हणजे आजच्या लॅक्स क्वालाम्सला. १८६२ साली त्यानं अनुयायांसह मेटलाकाटला हे नवं आदर्श गाव वसवलं. तिथे राहायला येणाऱ्यांसाठी नियमांची यादी होती. दारू नको, जुगार नको, मुलांना शाळेत पाठवा, घरं नीटनेटकी बांधा. त्याच यादीत आणखी दोन गोष्टी होत्या: चेहरे रंगवायचे नाहीत, आणि दिखाव्यासाठी संपत्ती वाटायची नाही. म्हणजे खूण मिटवायची आणि खुणेला साक्ष देणारी मेजवानीही थांबवायची. पुढे कॅनडा सरकारनं १८८४ साली कायद्यातच दुरुस्ती करून पॉटलॅचवर बंदी घातली. ती १८८५ पासून लागू झाली आणि १९५१ पर्यंत कायद्यात राहिली. सहासष्ट वर्षं, म्हणजे तीन पिढ्या.

याच काळात चांदीची कडी वाढत गेली. त्वचेवरच्या खुणा मागे पडल्या तशी कुलचिन्हं धातूवर आली, असं या किनाऱ्याच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि ते पटण्यासारखं आहे. गोंदण पाहून मिशनरी नाक मुरडेल, पण कडं? कडं तर त्याच्या बायकोच्याही हातात आहे. व्हिक्टोरियन झगा घातलेल्या स्त्रीच्या मनगटावर चांदीचं कडं दिसलं तर ते सुधारणेचंच लक्षण वाटणार. त्या कड्यावरचा ओर्का काय बोलतोय, ते वाचायला मिशनऱ्याला येत नव्हतं.

आणि चांदी आली कुठून? नाण्यांमधून. अमेरिकी आणि मेक्सिकन चांदीचे डॉलर ठोकून, तापवून मऊ करून, पुन्हा ठोकून त्यांची पट्टी काढायची. पट्टी सपाट असतानाच तीवर कोरणीनं चित्र कोरायचं आणि मग ती मनगटाच्या घेराला वाकवायची. सोन्याच्या नाण्यांचीही कडी झाली. आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते, राणीछाप रुपयांच्या माळा असतात. तिथे नाणं नाणंच राहतं, छाप दिसावी अशीच ती ओवणी असते, कारण मोल त्या छापेत आहे. या किनाऱ्यावर नेमकं उलटं झालं. परक्या राज्याची छाप हातोडीखाली पुसली गेली आणि त्याच धातूवर घराण्याची छाप उठली. अर्थात इतिहास एवढा स्वच्छ नसतो. सुरुवातीच्या अनेक कड्यांवर युरोपीय वेलबुट्टी आहे, आणि अमेरिकी नाण्यावरचा गरुडही कारागिरांनी उचललेला दिसतो. पण उचललेला गरुड हळूहळू त्यांच्या रेषेत बोलू लागतो. आम्हाला ही कडी याच कारणानं मोलाची वाटतात. ती शुद्ध परंपरेचे नमुने नाहीत. अडचणीत सापडलेल्या लोकांनी हाताशी आलेल्या धातूचं काय केलं, त्याचा तो पुरावा आहे.

यालाच जोडून दुसरी बाजू. १८६३ साली रॉबर्ट डंडस नावाच्या पाद्र्यानं मेटलाकाटलामध्ये डंकनकडून त्सिमशियन वस्तूंचा मोठा संच घेतला. मुखवटे, खुळखुळे, कोरीव दंड, असं बरंच काही. तो संच ब्रिटनमध्ये त्याच्या कुटुंबाकडे राहिला आणि २००६ साली न्यू यॉर्कमध्ये लिलावाला आला. तेव्हा एकूण विक्री सुमारे ७० लाख अमेरिकी डॉलरची झाली. त्यातल्या बऱ्याच वस्तू कॅनडात परतल्या आणि पुढच्या वर्षी प्रिन्स रूपर्टच्या संग्रहालयात लोकांना पाहता आल्या. जवळजवळ दीडशे वर्षांनी नातवंडा-पतवंडांनी आपल्या घरच्या वस्तू काचेआडून पाहिल्या. मुखवटा घराबाहेर गेला, कारण तो 'धर्म' म्हणून ओळखू आला. कडी मात्र अनेक घरांत राहिली, कारण ती 'दागिना' म्हणून सुटली. क्षुल्लक समजलं जाण्याचा कधीकधी असा फायदा होतो.

आता कडं वाचायचं कसं, ते थोडक्यात पाहू. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञानं १९२७ च्या 'प्रिमिटिव्ह आर्ट' या पुस्तकात कड्याचंच उदाहरण घेऊन एक सुंदर खुलासा केला आहे. प्राणी डोक्यापासून शेपटीपर्यंत चिरला आहे अशी कल्पना करा. दोन्ही अर्धे फक्त नाकापाशी आणि शेपटीच्या टोकाशी जोडलेले. आता त्या फटीतून हात घाला. प्राणी तुमच्या मनगटाभोवती आला! म्हणून कड्याच्या मधोमध दोन अर्धमुखं एकमेकांना भिडून एक तोंड होतं आणि शरीराच्या दोन बाजू दोन्हीकडून मागे जातात. सपाट कागदावर हे चित्र विचित्र दिसतं. मनगटावर चढलं की त्याला अर्थ येतो. दागिना घातल्याशिवाय पूर्ण होत नाही, हे इथे अगदी शब्दशः खरं आहे. आणि म्हणूनच संग्रहालयाच्या खोक्यात ठेवलेलं कडं हे अर्धंच कडं असतं.

दुसरी गोष्ट रेषेची. बिल होम यांनी १९६५ साली या कलेचं व्याकरण मांडणारं पुस्तक लिहिलं आणि त्यातल्या मुख्य रेषेला 'फॉर्मलाइन' हे नाव दिलं. ही रेषा सारख्या जाडीची नसते. ती फुगते, निमुळती होते, दुसऱ्या रेषेत मिसळते, आणि सगळ्या आकृतीला एकाच सलग जाळ्यात धरून ठेवते. डोळे, सांधे, पंखांची मुळं यांच्या जागी गोलसर कोपऱ्यांचा एक लंबगोल येतो, वरून फुगीर आणि खालून किंचित दबलेला. पिसं, कान, कल्ले यांच्यासाठी इंग्रजी 'यू' अक्षरासारखे आकार येतात. रंगकामात मुख्य रेषा काळी आणि दुय्यम तांबडी असते. धातूवर रंग नाही, मग काय करायचं? कारागीर पार्श्वभूमीवर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारतो. तो भाग काळसर दिसतो आणि मुख्य रेषा चकचकीत राहते. चांगलं कडं आणि पर्यटकांसाठी घाईत काढलेलं कडं यांतला फरक इथेच कळतो. घाईच्या कड्यात लंबगोल सुटे सुटे तरंगतात, जणू शिक्के मारलेत. चांगल्या कड्यात एक रेषा दुसरीला ढकलत असते, आणि रिकाम्या राहिलेल्या जागासुद्धा ताणलेल्या असतात.

इथे एक नाव घ्यावंच लागेल, जरी ते त्सिमशियन नाही. बिल रीड, १९२० ते १९९८. आई हैदा, वडील युरोपीय वंशाचे. आईनं आपलं मूळ मुलांपासून जवळजवळ झाकूनच ठेवलं होतं. लहानपणी त्यांनी आपल्या मावश्यांच्या हातात कोरीव कडी पाहिली होती, पण ती काय आहेत हे कळायला बराच काळ जावा लागला. रीड रेडिओवर निवेदक होते. १९४८ साली टोरांटोत त्यांनी युरोपीय पद्धतीचं दागिनेकाम शिकायला सुरुवात केली. त्यांचे आजोबा चार्ल्स ग्लॅडस्टोन चांदीकाम करत आणि काळ्या दगडात कोरीवकामही करत. त्यांच्या आधीच्या पिढीचे, नात्यातलेच चार्ल्स एडनशॉ हे तर या किनाऱ्यावरचे थोर कारागीर. १९५४ साली आजोबांच्या अंत्यविधीला गेलेल्या रीड यांनी एडनशॉंची कोरीव कडी पाहिली, आणि तिथून त्यांच्या कामाची दिशा पालटली.

रीड यांची दोन कामं शेजारी ठेवून पाहू. १९६९ मधला 'मिल्की वे' हार: सोनं, हिरे, भौमितिक कोनांची देखणी रचना, एकाही प्राण्याचं तोंड नाही. आणि १९७१ मधली सोन्याची छोटी पेटी, जिच्या झाकणावर ओर्का उभा आहे. हार निर्दोष आहे. पण तो लंडनमधल्या किंवा पॅरिसमधल्या कोणत्याही मोठ्या दागिनेकाराच्या नावावर खपून गेला असता. पेटी तशी खपणार नाही. डाख देणं, ठोकून उठाव आणणं, ओतकाम, हे सगळं रीड बाहेर शिकले. पण पेटी ही त्या किनाऱ्यावरची घराण्याचं धन ठेवायची वस्तू आहे. बाहेरचं कसब तिथे घरच्या गोष्टीच्या कामाला लागलं. आमच्या मते ती पेटी हारापेक्षा मोठं काम आहे, आणि ते 'परंपरागत' आहे म्हणून नव्हे. तिच्यात कारागिराला कुणाला तरी उत्तर द्यायचं आहे, म्हणून.

रीड यांचं उदाहरण आणखी एका कारणानं घेतलं. वारसा त्यांना आयता मिळाला नाही. त्यांनी तो संग्रहालयांतल्या वस्तूंवरून, पुस्तकांतल्या चित्रांवरून, जुन्या कड्यांच्या रेघा मोजून परत शिकून घेतला. त्यांच्यानंतरच्या त्सिमशियन कलावंतांचीही वाट बरीचशी अशीच आहे. अनेकांनी गिटख्सान मुलखातल्या हेझल्टनच्या शाळेत कोरीवकाम शिकलं. २००६ पासून टेरेस या गावी, त्सिमशियन मुलखातच, फ्रीडा डीझिंग या हैदा कारागीर बाईंच्या नावानं शाळा चालू आहे. म्हणजे त्सिमशियन मूल हैदा बाईच्या नावाच्या शाळेत शिकतं. 'कुटुंबाकडून आलेला वारसा' या गोड शब्दांखाली ही शेजाऱ्यांची मदत आणि ही मेहनत दोन्ही दडपली जातात. तीन पिढ्यांच्या बंदीनंतर जे उरलं, ते आपोआप झिरपत आलेलं नाही. कुणीतरी बसून, डोळे दुखेपर्यंत, ते परत मिळवलं आहे.

आता आजच्या काळात येऊ. मॉर्गन असोयुफ या त्सिमशियन गरुड कुळातल्या कलावंत आहेत. सोनं-चांदी, रत्नं बसवणं आणि लाकडाचं कोरीवकाम, तिन्हीत त्यांचा हात चालतो. व्हँकुव्हरमधल्या बिल रीड गॅलरीत 'रॉयल पोर्ट्रेट' नावाचं त्यांचं प्रदर्शन झालं. त्यात राजघराण्याच्या दागिन्यांची भाषा घेतलेली आहे, मुकुटसुद्धा, आणि ते दागिने घालून आदिवासी समाजातल्या कर्त्या स्त्रियांची छायाचित्रं आहेत. म्हणणं स्पष्ट आहे. राणी म्हणून तुम्ही ज्या चेहऱ्यापुढे वाकायला शिकलात, तो एकटाच राजेशाही चेहरा नाही. या किनाऱ्यावर कूळ आईकडून येतं, नावं आईच्या घराण्यात फिरतात, आणि घर धरून ठेवणाऱ्या बायका इथे नेहमीच होत्या.

या कामाबद्दल आमच्या मनात एक शंका आहे आणि ती स्पष्ट मांडतो. मुकुटच का? त्सिमशियन मानकऱ्यांचं आपलं शिरोभूषण आहे, 'अम्हलायत'. कपाळावर कोरलेली रंगीत पट्टी, तिच्यात चमकणारे अबलोनी शिंपल्याचे तुकडे, वर समुद्रसिंहाच्या मिशांचे उभे केस, मागे अर्मिनची पांढरी कातडी. नाचताना त्या केसांच्या कुंपणातून गरुडाचे मऊ पांढरे पीस हवेत उडतं, आणि त्याचा अर्थ शांती. इतकं बोलकं शिरोभूषण घरात असताना लंडनच्या मुकुटाशी बरोबरी कशाला? शिवाय मुकुट एकाच डोक्यावर बसतो. त्सिमशियन मान अनेक घरांत वाटलेला आहे. एका घराण्याचा मानकरी दुसऱ्या घराण्याच्या जमिनीवर हुकूम चालवत नाही. 'रॉयल' हा शब्द ही वाटणी पुसून टाकतो की काय, असं वाटत राहतं.

पण या शंकेला या दागिन्यांच्या इतिहासातच उत्तर आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी याच लोकांनी परक्या राज्याचं नाणं घेतलं आणि त्याचं कडं केलं. नाणं तेव्हाच्या सत्तेची सर्वांत छोटी खूण होती. मुकुट ही सर्वांत मोठी. असोयुफ यांनी हातोडी त्याच जागी मारली आहे, फक्त मोठ्या वस्तूवर. आणि मुकुट एकीच्याच डोक्यावर नाही, वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळ्या कामांत झिजलेल्या अनेक बायकांच्या अंगावर दागिने आहेत. एका राणीच्या तसबिरीची जागा अनेकींनी घेतली, की 'राणी' या शब्दातली एकटी सत्ता आपोआप मोडते. शंका पूर्ण मिटते असं आम्ही म्हणणार नाही. पण काम दमदार आहे, कारण ते घालणारीशिवाय पूर्ण होत नाही. बोआसनं कड्याबद्दल जे सांगितलं, तेच इथे मुकुटाला लागू पडतं.

मग बाजाराचं काय? कारण कलावंताला पोट आहे, भाडं आहे, आणि चांदी फुकट मिळत नाही. बिल हेलिन हे त्सिमशियन कलावंत दागिने आणि खांब दोन्ही घडवतात. १९९६ साली नासाच्या एसटीएस-७८ या अंतराळ मोहिमेचं मानचिन्ह त्यांनी काढलं. त्यात अंतराळयानाचा आकार गरुडाच्या रेषेत बसवला आहे. आता हा गरुड कोणत्या घराण्याचा? कोणत्याच नाही, आणि तेच बरोबर आहे. आजचे अनेक कलावंत हा भेद पाळतात. विक्रीच्या कड्यावर गरुड येतो, ओर्का येतो, पण एखाद्या घराण्याच्या अदावखातला, त्या विशिष्ट खुणांसह ओळखला जाणारा प्राणी येत नाही. तो मेजवानीसाठी राखलेला असतो. म्हणजे परक्याला कडं मिळतं, रेषा मिळते, कारागिरी मिळते. हक्क मिळत नाही. हा व्यवहार आम्हाला प्रामाणिक वाटतो.

अप्रामाणिक व्यवहारही भरपूर आहे. बाहेरच्या कारखान्यांत छापलेले 'नॉर्थवेस्ट' नक्षीचे कानातले आणि अंगठ्या बंदरांवरच्या दुकानांत मिळतात. अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे. आदिवासी नसताना आदिवासी काम म्हणून वस्तू विकली, तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा हवाच. पण त्याची नजर कुठपर्यंत जाते, ते पाहा. तो घडवणाऱ्याची जमात तपासतो. त्यानं कोरलेली खूण त्याच्या घराण्याची आहे का, किंवा ज्या घराण्याची आहे त्यांनी परवानगी दिली का, हे कायदा विचारत नाही. तो प्रश्न अजूनही मेजवानीतल्या साक्षीदारांकडेच राहतो.

आणि आमच्यासारख्या समीक्षा करणाऱ्यांकडे काय राहतं? आम्ही पाहतो ती कडी दालनांतली, संग्रहालयांतली, पुस्तकांतली. म्हणजे घराबाहेर पडलेली. काही विकली गेलेली, काही उचलून नेलेली, काही विचारपूर्वक बाहेर पाठवलेली. जे कडं आजी नातीच्या हातात घालते, नाव धारण करण्याच्या दिवशी, पाहुण्यांच्या साक्षीनं, ते आमच्या समोर येत नाही आणि येऊ नये. म्हणून या कलेबद्दलचा कोणताही निवाडा, आजचा आमचासुद्धा, अर्ध्या पुराव्यावर दिलेला असतो. रेषा चांगली की वाईट, एवढं आम्ही सांगू शकतो, आणि ते सांगायला कचरायचं कारण नाही. पण ती रेषा खरं बोलते की खोटं, हे ठरवणारे लोक स्कीनेच्या काठावर बसले आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी पाटीवर 'वारशापासून प्रेरणा' असं वाचाल तेव्हा एवढंच करा. कलावंताचं नाव वाचून झालं की पुढे शोधा: कूळ दिलंय का, गाव दिलंय का, शिकवणाऱ्याचं नाव दिलंय का. ज्या पाटीवर हे असतं, तिथे कडं कोणाचं याचं निम्मं उत्तर लिहिलेलं असतं. उरलेलं निम्मं विचारायला तिथे माणूस असेल, तर विचारा, आणि नाही सांगितलं तर तेही उत्तरच समजा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.